वैशाखात काठोकाठ भरलेली विहीर

निर्मला मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. सायखेड्याच्या आमच्या मळ्यात त्या माझ्याच विहिरीत वाकून बघत होत्या. मी ओरडले, "ओ बाई, तोल जाईल!" तर म्हणाल्या, "मावशी, मग धरा की मला." अशी आमची ओळख. आज त्यांना साठावं वर्ष पूर्ण होतंय आणि त्यांच्या या गौरव अंकात माझ्यासारख्या दुसरी शिकलेल्या बाईला लिहायला सांगितलंय. आनंद पोटात मावत नाही. अक्षर वाकडं आहे, नातीचं फार सुरेख. ती पुण्याला असते, लेक-सूनही तिकडंच. असो.

मॅडम गावोगावच्या विहिरींची नोंद ठेवतात. आम्ही रोज सकाळी टेप सोडायची आणि काठापासून पाणी किती खाली ते मोबाईलवर कळवायचं. शहरात द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर त्याचं चित्र काढतो, एका विहिरीचा एक ठिपका. हिशेबाचं सूत्र मॅडम स्वतः लिहितात. पडद्यावर एक सरकपट्टी असते, तिला त्या पॅरामीटर म्हणतात. मला ते गॅसच्या बटणासारखं वाटतं. फिरवलं की चित्र बदलतं.

एका वैशाखात मी तापानं पडले. टेप सोडायला उठवेना. सूत्रानं रिकाम्या जागी शून्य धरलं. काठापासून शून्य खाली, म्हणजे विहीर काठोकाठ! ऑफिसातली पोरं हसली म्हणे, "आजीच्या विहिरीत गंगा उतरली!" मॅडम हसल्या नाहीत. "आकडाच आलेला नाही. मावशी कुठायत?" म्हणत तशाच निघाल्या.

दार ढकलून आत आल्या नि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "विहीर भरलीय ना? पोहायला आले." तापातही हसू आलं. मग दवाखाना, मग पेज, सगळं त्यांनीच केलं.

परत जाऊन त्यांनी सूत्र बदललं. आकडा नसेल तर ठिपका रिकामाच ठेवायचा. आणि नवी पट्टी लावली, आकडा किती दिवस आला नाही की ठिपका लाल करायचा त्याची. ऑफिसवाले म्हणाले आठवडा. मॅडमनी पट्टी एका दिवसावर आणली. म्हणाल्या, "माझ्या निम्म्या विहिरींवर बायका एकट्या राहतात." तेव्हापासून ठिपका लाल झाला की मला मॅडमचा फोन येतो. खरं सांगू? कधीकधी मी मुद्दाम कळवत नाही.

आता मॅडम निवृत्त होणार. फोन कोण करणार, ही धास्ती मला. परवा भेटल्या तेव्हा त्यांचाही चेहरा उतरलेला. त्यांचे यजमान गेल्यापासून त्याही एकट्याच आहेत.

मी विचारलं, "मॅडम, तुमचा ठिपका कुठंय?"

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते मावशी. माझ्याकडं कुठली विहीर?"

"मग टाकी मोजा. पण आकडा मला कळवा. मी माझा तुम्हाला कळवीन."

 दुसऱ्या सकाळी मोबाईल वाजला. मॅडमचा आवाज, "मावशी, टाकी अर्धी."

मॅडम, तुम्हाला लय आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, आणि टाकीचा आकडा रोज माझ्या चहाआधी येवो. नाही आला तर मी पहिली एसटी धरून द्वारकेला उतरणार. सगळ्यांदेखत सांगून ठेवते.