केव्हाच माफ केलं

नगरकडच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब सांगायचे, समोरच्यानं क्षमा मागायची वाट बघू नका, आधीच देऊन टाका. मी ते इतकं अंगी बाणवलं की कुणाचा पायावर पाय पडला तरी त्यानं तोंड उघडायच्या आत माझी क्षमा तयार असायची. मला त्याचा अभिमानही होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी इस्रायलमध्ये पेताह तिक्वाला एका बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू आजींना सांभाळत होते. त्या मूळच्या ठाण्याच्या. मुलं हिब्रूतच बोलायची, म्हणून त्यांना मराठी बोलणारी बाई हवी होती. जेवणात मीठ कमी म्हणून त्या कुरकुरायच्या आणि मी हसून कानाडोळा करायचे. आमचं छान जमलं होतं.

एकदा मी बाजारात असताना माझ्या भावाचा गावाहून फोन आला. बाबा अत्यवस्थ होते, त्यांना माझा आवाज ऐकायचा होता. आजींनी निरोप घेतला आणि मला सांगितलाच नाही. मी त्यांना सोडून जाईन या धास्तीनंच, दुसरं काय! बाबांना मूठमाती दिल्यावर भावाचा पुन्हा फोन आला, तेव्हा तो माझ्यावरच खेकसला, "निरोप देऊनही तुला एक फोन करवला नाही?"

मी आजींना एका शब्दानंही विचारलं नाही. रोज प्रार्थनेत इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की तेवढी मोठ्यानं म्हणायचे, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशी.

मग योम किप्पूर आला, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास; त्याआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागून घ्यायची असते. उपासाच्या आदल्या दुपारी आजी काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. "बाय, तुझी माफी मागायची हाय."

"केव्हाच माफ केलं, आजी."

"अगो, पण कशाची ते बोलू तरी दे. देवाचं काय केलं असेल ते देव बघेल. तुझं केलंय, ते तुझ्यासमोरच बोलायला पायजे."

"कशाला उगाच? सूप गार होतंय." मी पाठ फिरवून गॅस मोठा केला. त्या काठी टेकत खोलीत परत गेल्या. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षापर्यंत त्यांना मुलंही ओळखू येईनाशी झाली होती. पण उपासाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. "बाय, तुझी माफी मागायची हाय गो. पण कशाची, ते आठवत नाय."

मला सगळं आठवत होतं. शेजारी बसून "आजी, माझ्या भावाचा फोन आला होता," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं, "काही नाही हो, आजी."

"नाय गो, कायतरी होतं," म्हणत त्या रडत राहिल्या, आणि मी त्यांचे डोळे पुसत राहिले.

आजींना जाऊन बरीच वर्षं झाली. प्रार्थनेतली ती ओळ आता माझ्याच्यानं मोठ्यानं म्हणवत नाही.