मावशी वाडीवर, आवाज मैदानावर

आमच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. मांजर आडवं गेलं की माझे वडील म्हणायचे, आता त्या मांजराचं काम बिघडणार. रेल्वेतली नोकरी, सगळा हिशेब सिग्नलवर. मीसुद्धा पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं. आणि घाबरण्यासारखं त्यात काहीच नाही, आधीच सांगून ठेवते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी लोणावळ्याला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजचा स्वतःचा 'रेडिओ' होता — म्हणजे आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो. फिजिक्सच्या लॅबशेजारी एक खोली, तिथे अॅम्प्लिफायर आणि माइक, आणि तिथून तारा ओढून कँटीनवर, गेटवर अन् मैदानात लावलेले कर्णे. हवेतून काही जायचं नाही, सगळा मामला तारेचा. मी बोलायची, आणि माझ्याच वर्गातला वसंता मशीन सांभाळायचा.

दर हिवाळ्यात आमचा रेडिओ संगीत महोत्सव भरवायचा. गावातली माणसं मुलाबाळांसकट यायची. पण गाणी तीच — सिनेमातली, नाहीतर ऑर्केस्ट्रा. त्या वर्षी मी हट्ट धरला, की मावळातल्या बायकांच्या ओव्याही व्हायला हव्यात. प्राचार्यांना ते फारसं पटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुझ्या शब्दावर ठेवतो. फसलं तर पुढच्या वर्षी हा विषय काढायचा नाही."

माझी सगळी भिस्त पारूमावशीवर होती. भुशी गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक छोटी वाडी आहे, तिथली ही. उंच, सडसडीत, आणि आवाज असा, की समोरच्या डोंगरावरची गुरं मान वर करून बघतील. वाडीतल्या बाळंतपणांनाही तिलाच बोलावणं यायचं. तिनं भातलावणीच्या वेळच्या ओव्या म्हणायच्या, असं आमचं ठरलं होतं. तालीम झाली तेव्हा वसंता तिला माइकपासून लांब सरकवून सरकवून दमला.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी वाडीतल्या चौघी आल्या, मावशी नाही. त्यांच्यात थोरली ठकूबाई. तिला विचारलं तर म्हणाली, मावशी येते म्हणाली, आम्हाला पुढं व्हा म्हणाली. कारण विचारायचं तेव्हा मला सुचलं नाही. वाटलं, येईल मागून.

मावशी आलीच नाही. मैदान गच्च भरलेलं, प्राचार्य पहिल्या रांगेत, ऑर्केस्ट्रावाल्यांचं संपलं. मी दोन विनोद सांगितले, ते पडले. मग ठकूबाईला विनवलं, तुम्ही तरी म्हणा. तिनं पदर तोंडाला लावून मानच हलवली. शेवटी मी माइकपुढे उभी राहिले आणि माफी मागायला तोंड उघडलं...

...आणि कर्ण्यांतून पारूमावशी गायला लागली.

माझ्यासमोरचा माइक रिकामा. मी स्वतः त्याच्यापुढे उभी. पण आवाज तिचाच, तोच धारदार, वर जाताना किंचित चिरकणारा. ओव्या मात्र लावणीच्या नव्हत्या. कधी न ऐकलेल्या होत्या:

डोंगराच्या वाटं आलं पाव्हणं दारात
सगुणा बाई माझी, ऊन मावंना घरात

मला वाटलं, ती आली आणि परस्पर रेडिओच्या खोलीत गेली. मी धावत तिथे गेले. खोलीत वसंता एकटा, हात मांडीवर ठेवून मशीनकडे बघत बसलेला. टेपरेकॉर्डरवर झाकण, त्याची पिन भिंतीतून काढलेली. वसंतानं खोलीतल्या माइकचं बटण दाखवलं. बंद होतं.

मी परत मैदानात आले. लोक डोलत होते. कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं, गाणारीण आत बसून गात असेल एवढंच. इतक्यात घाटात दुपारची गाडी शिरली, तिची शिटी ऐकू आली. आणि लगेच तीच शिटी कर्ण्यातूनही आली — अगदी लांबून, उंचावरून ऐकू यावी तशी. त्यानंतर एक बारीक रडणं. तान्ह्या बाळाचं. गाणं तिथेच थांबलं.

मैदानभर टाळ्या पडल्या. मी ठकूबाईकडे पाहिलं. तिनं शांतपणे दोन्ही हात जोडले आणि शेजारणीला म्हणाली, "सगुणा मोकळी झाली."

ही सगुणा कोण, हे मला तेव्हा कळलं. मावशीच्या शेजारच्या घरातली सून, पहिलटकरीण. सकाळी निघता निघता तिच्या कळा सुरू झाल्या म्हणून मावशी मागे थांबली होती.

उन्हं कलली तेव्हा मावशी आली. घामाघूम, नवं लुगडं कमरेला खोचलेलं, हातात तोंड गोड करायला गुळाचा खडा. आल्या आल्या मलाच विचारलं, माझा नंबर गेला का? मी म्हटलं, मावशी, तुम्ही गायलात की. सगळ्यांनी ऐकलं.

"कुटं? मी तर आत्ता येतीया," ती म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. सगुणा घाबरली होती, तिचा जीव रमावा म्हणून सुचेल तसं गात होते, हे तिनं कबूल केलं. पाव्हण्याची ओवीही तिथंच जुळवलेली, असं म्हणाली. मला वाटलं, आता ही घाबरणार. तिनं मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं.

"आवाज बरा लागला व्हता का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, फार छान. ती खूश झाली आणि ठरलेल्या लावणीच्या ओव्या म्हणायला सरळ माइकपुढे जाऊन उभी राहिली. प्राचार्यांनी शेवटी गूळ मागून घेतला. पुढच्या वर्षी ओव्यांचा विषय मला काढावा लागला नाही, त्यांनीच काढला.

आमच्या प्राध्यापकांचं मत पडलं, की कर्ण्याच्या तारेनं कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडलं असणार. होतं कधी कधी तसं. पण कुठल्या स्टेशनला सगुणा माहीत होती? दुसऱ्या दिवशी वसंता आणि मी वाडीवर गेलो. तार नाही, खांब नाही, तिथे वीजच पोचलेली नव्हती. सगुणा कुडाच्या घरात चुलीजवळ पडली होती, कुशीत मुलगी. मी बाळाला घेतलं आणि विचारलं, मावशीचं गाणं ऐकलंस ना?

"व्हय तर," ती म्हणाली. "पर ताई, पोरगी झाली तवा भाईर येवढ्या टाळ्या कोन वाजवीत व्हतं? आमच्या वाडीत तर येवढी मानसंच न्हाईत."

कर्ण्यातून आवाज कसा आला, यावर मी आजवर बऱ्याच जणांशी वाद घातलाय, चार अंदाजही केलेत. टाळ्या उलट्या वाटेनं वाडीवर कशा गेल्या, याचा मात्र एक साधा अंदाजही मला करता आलेला नाही.