कन्हानच्या पुलाअलीकडे थांबलेला नग

नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत असतं, त आमचे आनंदराव कवाचेच गेले असते. मी दिवसभर घेते, अन् जास्त करून रागानंच घेते. माणूस वाईट नाही. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. पण दुसऱ्याचा माल पोचवता पोचवता सारी उमर गेली अन् स्वतःचं मात्र काहीच पोचलं नाही, मंग राग येणार नाही त काय होईन?

आम्ही इंदोऱ्यात राहतो. सासरे गिरणीत होते. त्यायनं पोराले मॅट्रिक केलं, अन् पोरगं अडुसष्ट साली एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून म्हणून लागलं. टेम्पररी. तवा माझं लग्न व्हायचं होतं. आई म्हणाली, "टेम्पररी आहे वं, होईन परमनंट." बाप्पा, दोन पोट्ट्या झाल्या, घरावरचे कवेलू दोनदा बदलले, पण ते टेम्पररी काही हललं नाही.

वर उत्तरेत कुठंतरी सरकार अणुवीज केंद्र बांधून राहिलं होतं. त्याच्या मालाची जबाबदारी आनंदरावच्या कंपनीकडे आली. पाइप एका गावचा, व्हॉल्व दुसऱ्या गावचा, केबल तिसऱ्या गावची, अन् बहुतेक सारं नागपूरवरूनच जाते, कारण आपलं गाव पडलं देशाच्या मधोमध. कोणता माल कुठं अडला ते पाहायचं अन् त्याले पुढं ढकलायचं, हे आनंदरावचं काम. वॅगन हरवली का हे अजनीच्या यार्डात. ट्रक जकातीवर थांबला का हे जकातीवर. जेवत्या ताटावरून उठून गेलेला माणूस मी पाहिला आहे. मी म्हणलं, "एक वायसर उद्या गेलं त काय आभाळ कोसळते?" तर म्हणे, "प्रेमिला, ते वायसर नाही गेलं त तिथं हजार माणूस हातावर हात ठेवून बसते." मी म्हणलं, "बसू द्या. इथं मी एकटी भाजी धरून बसली आहो, तिचं कोणाले काही नाही."

पण सांगते, हुशारी होती. अणु प्रकल्पाचे एक मोठे साहेब होते, मधुकरराव. त्याईचं ऑफिस सिव्हिल लाइनमध्ये. त्यायनं आनंदरावले बोलावलं अन् म्हणलं, "गजभिये, आता सर्वात मोठा नग येऊन राहिला आहे. त्याच्याशिवाय तिथलं काम पुढं सरकत नाही. हा नग कन्हानपलीकडं सुखरूप काढून द्या, म्हणजे मी तुम्हाले प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये घेतो. सरकारी नोकरी. पक्की." आनंदराव घरी आले ते सरळ चुलीजवळ येऊन बसले. मी पहिल्यांदा पाह्यलं का या माणसाले आनंद झाला त तो बोलत नाही, हाताचे बोटं मोडते. मी पण खोटं काहून बोलू, त्या दिवशी मी खीर केली.

नग आला दसऱ्याच्या आगंमागं. दक्षिणेतल्या एका कारखान्यातून. केवढा! स्टीलचा गोल डब्बा, आमच्या घराहून उंच, ताडपत्रीत गुंडाळलेला, अन् खाली एवढे चाकं का पोट्टे मोजता मोजता भांडले. माणूस पायी चालते त्याच्याहून हळू तो ट्रेलर चालायचा. समोर लाल झेंडा घेऊन आनंदराव, अन् दोन्ही बाजूले बांबूनं विजेचे तार उचलणारे गडी. इंदोऱ्याच्या चौकातून गेला तवा सारी वस्ती रस्त्यावर. शेजारची सिंधूताई म्हणे, "प्रेमिला, तुझा नवरा त मिरवणुकीत चालून राहिला वं!" मी वरून म्हणलं, "काय कामाची मिरवणूक!" पण मनातून मले कसं वाटलं ते माझं मले माहीत.

कामठी ओलांडली, अन् कन्हान नदीच्या पुलाअलीकडं ट्रेलर थांबला. पूल जुना, इंग्रजाच्या वेळचा. एवढं वजन त्याच्यावरून न्यायचं त परवानगी पाहिजे. परवानगीसाठी पुलाचा हिशोब पाहिजे. हिशोब करणारा साहेब बदलून गेला. नवीन साहेब म्हणे मुंबईले विचारा. मुंबईवाले म्हणे दिल्लीले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, ते काही उगीच नाही. आनंदराव रोज सकाळी बसनं नागपुरातल्या ऑफिसाईत फिरायचे अन् दुपारी कन्हानले जाऊन नगाले पाहायचे. कोणाच्या टेबलासमोर उभं राहायचं, साहेब मान वर करत नाही तवरोक उभंच राहायचं. घरी आले का मी विचारायची, "काय झालं?" "उद्या या म्हणे." मंग मी विचारणंच सोडलं. संक्रांत गेली, होळी आली. स्वतःच्या हातात काहीच नाही, अन् जबाबदारी सारी आपली. याच्याहून वाईट नोकरी जगात नसन.

मी अधूनमधून डब्बा घेऊन जायची. ट्रेलरचा मुख्य ड्रायव्हर होता बळीराम, भंडाऱ्याकडचा, चांगला माणूस. अन् रस्त्याच्या कडेले कांताबाईचं चहाचं दुकान. कांताबाई विधवा, एकटी. चार बांबू अन् वर टिन, एवढाच तिचा संसार. ट्रेलर थांबला तेव्हापासून तिचा धंदा चालला, म्हणून नाही, पण त्या नगावर तिचा खरंच जीव जडला. ती त्याले "माझी नवरी" म्हणायची. मले म्हणे, "अशी झाकूनपाकून सासरी चालली होती, अन् नदीवर अडली. कोणी इचारत नाही वं तिले. तुझा नवरा तेवढा येते." आनंदराव उशिरा आले त त्याईच्यासाठी ती पोहे झाकून ठेवायची. तिचं पैशाचं म्हणणं कधी मी ऐकलं नाही.

लोकं काय काय बोलायचे! कोणी म्हणे बाँब आहे. कोणी म्हणे आत किरणं आहेत, जवळ गेलं का केस गळतात. कामठीहून सायकली घेऊन लोकं पाहायले यायचे, थुंकायचे, हात लावायले पाहायचे. आनंदराव ओरडून ओरडून दमले. त्याईले साहेबानं पढवलं होतं: उघडा हात लावायचा नाही, खडूनं लिहायचं नाही, रंग लागू द्यायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही. हे सारं त्यायनं बळीरामले अन् गड्याईले पाठ करून दिलं होतं. पण मीठ लावू नका असं कोण सांगते? लोणचं होतं का ते?

उन्हाळा लागला, अन् एक दिवस खरंच निरोप आला का दिल्लीहून परवानगी आली. आनंदराव ती घ्यायले सकाळीच नागपुरात गेले. त्या ऑफिसात सायंकाळपर्यंत बसवलं, पण कागद हातात दिला. येताना हा माणूस संत्राबर्फीचे दोन पुडे घेऊन आला. एक घरी दिला अन् दुसरा घेऊन तसाच कन्हानच्या बसमध्ये बसला. मी म्हणलं, "दोन घास जेवून जा न." म्हणे, "आधी तिथं तोंड गोड करतो वं. त्यायनं माझ्यासंगं दिवस काढले."

आता त्याच दिवशी तिकडं काय झालं ते आयका. अमावस्या होती. कांताबाई बळीरामले म्हणाली, "एवढ्या लोकाईच्या नजरा लागल्या, हलणार कशी ती? तुमचे साहेब कागदं फिरवून राहिले, पण नजर कोणी काढली का?" बळीरामले पटलं. ड्रायव्हर माणूस, लिंबू-मिरचीशिवाय गाडी काढत नाही. मीठ-मोहरी ओवाळायची त एवढ्या मोठ्या डब्ब्याभोवती हात कसा पुरणार? म्हणून कांताबाईनं बादलीभर पाण्यात खडेमीठ विरघळवलं, जसं आपण नजर लागलेलं घर पुसून घेतो तसं. बळीरामनं ताडपत्री उचलून धरली, अन् बाईनं फडका भिजवून भिजवून, हात पुरला तिथवर, नवरीचं तोंड पुसावं तसं ते सारं स्टील पुसून काढलं. वरून राहिलेलं पाणी चारही बाजूनं शिंपडलं. आनंदराव बर्फी घेऊन पोचले तवा सारं वाळून गेलं होतं. सर्वाईनं बर्फी खाल्ली. कोणी काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही केलं असं कोणाले वाटलंच नव्हतं.

पूल ओलांडायच्या आधी मधुकरराव साहेब तपासणीसाठी आले, संगं एक तपासणारा माणूस घेऊन. त्या दिवशी मी तिथंच होती. मले पूल ओलांडताना पाहायचं होतं. त्या माणसानं ताडपत्री काढली, ओल्या कापडाच्या तुकड्यानं स्टील पुसलं, तो तुकडा एका काचेच्या नळीत पाण्यात बुडवला, अन् त्यात बाटलीतल्या औषधाचा थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यानं दुसऱ्या जागी पुसलं. पुन्हा पांढरं. साहेबाचा चेहराच उतरला.

"मीठ आहे," साहेब म्हणाले. "गजभिये, या स्टीलवर मीठ कुठून आलं?"

मंग त्यायनं समजावलं. हे स्टील तसं गंजत नाही, पण मिठानं त्याले आतून बारीक चिरा पडतात. लवकर दिसत नाहीत. वर्षांनी दिसतात, अन् तेव्हा हा डब्बा अशा जागी असतो का जिथं माणूस जाऊच शकत नाही. आनंदराव म्हणाले, "साहेब, इथंच धुवून काढू. म्हणाल ते पाणी आणतो." साहेब म्हणाले, "मले समजते हो. पण इथं धुतलं यावर वरचा कोणताच साहेब सही करणार नाही. नग कारखान्यात परत जाईन, तिथं धुतल्या जाईन, पुन्हा सारी तपासणी होईन." अन् आवाज बारीक करून म्हणाले, "हे कोणी केलं ते सांगा. अणूचा माल आहे. पोलिसाले द्यावं लागन."

बळीराम खाली पाहून राहिला होता. तिकडं दुकानात कांताबाई चहा गाळून राहिली होती, एवढ्या मोठ्या साहेबासाठी म्हणून पातेलं घासून घेतलेलं. आनंदरावनं बळीरामकडं पाह्यलं, मंग दुकानाजवळ पडलेल्या मिठाच्या रिकाम्या पोत्याकडं, अन् त्याईले समजलं. मी त्याईच्या तोंडावर ते समजताना पाह्यलं.

"माझं लक्ष नव्हतं साहेब," हे म्हणाले. "नग माझ्या ताब्यात होता. जबाबदारी माझी."

झालं. तोंडाशी आलेला घास गेला. साहेब वाईट माणूस नव्हते, पण नोकरीचं नाव त्यायनं पुन्हा काढलं नाही, काढणार तरी कसं? ट्रान्सपोर्टच्या मालकानं सांगून टाकलं का नग परत पोचवून द्या अन् मंग येऊ नका.

घरी मी लय भांडली. भांड्याले भांडं आपटलं. "सांगून द्यायचं न नाव! तुम्ही पुसलं का ते? आपल्या लोकाईनं बुद्धाची दीक्षा घेतली तवा नजर, उतारा सारं नदीत सोडलं. तुमच्या आईनं घरातली मिरची-मोहरी ओवाळणं बंद केलं. अन् आता दुसऱ्यानं काढलेल्या नजरेनं आपलं घर बसलं!"

आनंदराव म्हणाले, "तिचं नाव सांगितलं त नगावरचं मीठ निघून जाते का वं?"

"नोकरी त राहते!"

"तिचं टिनाचं छप्पर पोलिसानं उपटलं असतं, अन् बळीराम आत गेला असता. अन् नग त परतच गेला असता." एवढं बोलून हा माणूस रडला. माझ्यासमोर पहिल्यांदा. मले भांडायचं होतं, पण हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. मले राग आला त साहेबाचा नाही, बाईचा नाही, कोणाचाच धड येईना. कोणावर काढू? सर्वाईनं चांगलंच करायले घेतलं होतं.

परत न्यायच्या दिवशी मी पण गेली. म्हणलं, एकटं काहून जाऊ द्यायचं. ट्रेलर मागंपुढं करत करत नागपूरकडं तोंड करून उभा झाला, त्यातच सकाळ गेली. चाकं फिरले तशी कांताबाई दुकानातून धावत आली, हातात फोडलेला नारळ. दसऱ्यापासून जागची न हललेली तिची नवरी हलली होती. बाई रडत होती अन् हसत होती.

"पाह्यलं वं प्रेमिला? नजर उतरवली अन् हलली! म्या म्हणलं होतं का नाही?"

"मावशी, ती उलटी..." मी म्हणायले गेली. आनंदरावनं माझ्याकडं पाह्यलं.

"उलटी नाही, दुसऱ्या वाटेनं नेऊन राहिले असतील," कांताबाई म्हणाली. "मोठ्या लोकाईच्या वाटा. आनंदराव, खरं सांगा गा, माझ्या मिठानं हलली का नाही?"

"हाव मावशी," हे म्हणाले. "तुमच्याच मिठानं हलली."

तिनं खोबऱ्याचा तुकडा त्याईच्या हातावर ठेवला. आमच्या घरात प्रसाद कोणी खात नाही. आनंदरावनं तो तोंडात टाकला, हळूहळू चावून खाल्ला, अन् लाल झेंडा घेऊन ट्रेलरच्या समोर नागपूरकडं चालू लागले.