पुसट झालेली वाडी

सातिवलीतल्या आमच्या पॅकिंग युनिटला खिडकी आहे, पण ती उघडली की समोरच्या गाळ्याची भिंतच दिसते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी भराभर डबा संपवते आणि मोबाइलवर चित्रं बघत बसते. जुन्या फ्रेंच चित्रकारांनी उघड्यावर बसून रंगवलेली तळी, गवताच्या गंजी, नदीवरचं धुकं. जवळून नुसते रंगाचे फटकारे, जरा लांब धरलं की पाणी हलायला लागतं. सोबतच्या बायका हसतात. हसू देत. तेवढा वेळ मी कुणाची कुणी नसते.

निर्मळला आमची मोगऱ्याची वाडी आहे. कळ्या आईच खुडते, उन्हं यायच्या आत. भरलेली पांढरी कळी तेवढी घ्यायची, हिरवट असेल ती झाडावर ठेवायची. कच्ची तोडली तर ती उमलतच नाही. हे तिने मला हातावर चापट्या मारून शिकवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात फुलं बाजारात नेणाऱ्या काकूंनी तिची टोपली परत आणून दिली. निम्म्या कळ्या कच्च्या. आईने उन्हाला दोष दिला आणि मलाही ते पटलं.

पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, म्हणाले. तिच्या डोळ्यांत थेंब मी वेळेवर घालते. तरी नजर उतरतेच आहे.

परवा रविवारी ओटीवर बसलो होतो. म्हटलं, दिसतंय तोवर मला आवडतं ते तिलाही दाखवावं. कमळांच्या तळ्याचं चित्र तिच्या डोळ्यांजवळ धरलं.

"आपलं बावखल ना?" ती म्हणाली. वाडीतल्या तळ्याला आम्ही बावखल म्हणतो. "फोटो कधी काढलास?"

"चित्र आहे, आई. फ्रान्समधलं."

"कुठलं का असेना, बरोबर काढलंय. काठ नाही, पान नाही, नुसतं हिरवं-निळं. मला सगळी वाडी अशीच दिसते."

ती खूश होती. मी घटकाभर जिथे पळून जायची, तिथे ती कायमची अडकली होती. आता ती चित्रं मला बघवणार नाहीत, हेही लगेच मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

मी कशी दिसते, हे विचारायचा धीर झाला नाही. मी मोबाइल बंद करून मांडीवर ठेवला.

"बोलत राहा गं," आई म्हणाली. "म्हणजे कळतं, कुठे बसलीयस."