जळणारं ऑइल

दुकानातल्या फळीवर इंजिन ऑइलचे डबे ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर तीच फुशारकी छापलेली होती, कमी जळतं, जास्त टिकतं. माझं डोकंच फिरलं. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन रोटरी आहे. त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या कडा झिजू नयेत म्हणून इंजिन थोडं थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. मला काजळी न धरता जळून जाणारं ऑइल हवं होतं.

"ऑइल खातंय म्हणजे इंजिन गेलं, साहेब," दुकानदार म्हणाला. "गाडी काढून टाका."

मेकॅनिक म्हणतो साधंच घाला, मित्र म्हणतो सिंथेटिकच घाल. का, ते दोघांनाही सांगता येत नाही.

आणि टिकण्याचं एवढं कसलं कौतुक? दुसऱ्याची झीज वाचवत जो मुकाट्याने संपतो, त्याच्या नावाचा एक डबा नाही!

हात हलवत घरी आलो. बायको समईत तेल घालत होती. माझी सगळी कटकट तिने ऐकून घेतली आणि बाटली पुढे केली. "हे घे. छान जळतं."

मी चिडूनच ती हिसकावली आणि लेबल वाचायला लागलो. त्यावर कसलीच फुशारकी नव्हती.