वरील सर्व

लातूरच्या क्लासमधले दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात, अशी किशोरांसाठीची कादंबरी मी लिहिली. पुण्याहून ती 'वाचक अजून तयार नाहीत' म्हणून परत आली. शेवटी नांदेडच्या, गाइडं छापणाऱ्या प्रकाशकाकडे गेलो. वाचून ते म्हणाले, "प्रेमाचं काई न्हाई हो सर, पण धड्याखाली प्रश्न कुठायत? प्रश्नांबिगर इथं पुस्तक कोण घेतंय?"

मी लई भांडलो. तरी पुस्तक छापून आलं तेव्हा प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न होतेच. शेवटचा असा: नायकाचे खरे प्रेम कशावर? अ) अभ्यास ब) आईवडील क) देश ड) वरील सर्व. मागे उत्तर दिलं होतं: ड. माझं डोकंच फिरलं.

पुढं लातूरच्या पुस्तक प्रदर्शनात अकरावीतल्या दोन मुली हातात हात घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यातली एक ते पान उघडून माझ्यावरच डाफरली, "सर, बरोबर पर्यायच दिला न्हाई तुम्ही. पेपरात असं झालं की सगळ्यांना मार्क देतात. आमचे द्या."