हॅरिस सरांची शोकसभा

आता काय सांगू तुम्हाला, आज तुम्ही मला पंचायत समितीचा सदस्य म्हणून हार घालता, म्हणून वाटत असेल की हा माणूस आधीपासूनच पोचलेला. अहो, कसलं काय! इंग्लंडात शिकत असताना भरल्या सभेत मी जी माती खाल्ली, ती ऐकाल तर पुढच्या वेळी मत द्यायच्या आधी विचार कराल.

मी वडनेरचा. वर्ध्याला कॉलेजात होतो तेव्हापासून पुढारी व्हायचं वेड. आणि आमच्याकडे पुढारी व्हायला काय करावं लागतं? मयतीला जावं लागतं! घाटावर चिता पेटली की तिथेच शोकसभा होते. त्या सभेत जो चार शब्द बरे बोलतो, तो लोकांच्या लक्षात राहतो. सावंगीपासून गिरडपर्यंत मी एक घाट सोडला नव्हता.

आणि इंग्लंडात? महिनोन् महिने हातात माईक नाही! जीव नुसता कासावीस. अभ्यासात लक्ष नाही, जेवण गोड लागत नाही, खोलीत आपल्या येरझाऱ्या चालू. माझ्या खोलीत राहणारा प्रफुल, गिरडचा, पार वैतागला होता.

"बस ना बे एका जागी! काऊन फिरून राह्यला?"

"बसू कसा? विद्यार्थी संघटनेची निवडणूक आली तोंडावर, अन् मले इथं कुत्रं ओळखत नाई!"

त्यातच आमच्या हॅरिस सरांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. कार्यक्रम कसला, हे वाचत बसायला वेळ कोणाला? सगळं विद्यापीठ येणार, एवढंच मी पाहिलं. पुढाऱ्याने उशिरा जायचं असतं, म्हणून मुद्दाम उशिरा गेलो.

दारातच टेबलावर सरांचा मोठा फोटो. फोटोभोवती फुलांची माळ. पुढे मेणबत्ती. आत सगळे काळ्या कपड्यांत, हळू आवाजात बोलतायत. एक बाई डोळे टिपतेय. आता तुम्हीच सांगा, वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने काय समजावं?

"अरे बापा! सर गेले!"

"कालच तं कॅन्टीनमंधी दिसले होते," प्रफुल म्हणाला. "कोणाले विचारून तं पाहाय."

"अशा टायमाले विचारत असतात का बे?"

आणि समोर माईक मोकळा! मग मी कशाला थांबतोय? चढलो स्टेजवर. सरांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली, इथून सुरुवात केली. देव माणूस म्हणालो. पुढच्या प्रवासासाठी त्यांच्या आत्म्याला शांती मागितली. लोक डोळे फाडून पाहत होते. मला वाटलं, सभा जिंकली! शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. बिचारे राहिले उभे, माना खाली घालून.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं आणि ओले हात पुसत खुद्द हॅरिस सर आत आले. सगळे उभे पाहून तेही माझ्या शेजारी मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हणालो, "तुम्ही."

अहो, तो निवृत्तीचा निरोप समारंभ होता! काळा हा त्यांचा समारंभाचा पोशाख आणि बाई रडत होती ती सर आता शिकवणार नाहीत म्हणून. पाय धरून माफी मागितली. आमच्याकडे फोटोला माळ म्हणजे माणूस संपला, हेही समजावलं. सर मोठ्या मनाचे. पोट धरून हसले आणि म्हणाले, "हे मी लक्षात ठेवीन."

निवडणूक? दणकून पडलो. पण आता सगळे ओळखत होते.

यंदा गावाकडे निवडून आलो. लोकांनी हनुवटीपर्यंत हार घातले, डोळ्यांत गुलाल गेला म्हणून मी डोळे मिटलेले, आणि नेमका तोच फोटो कार्यकर्त्यांनी मोबाइलवर सगळीकडे फिरवला. दुसऱ्या दिवशी हॅरिस सरांचा लांबलचक संदेश आला, माझ्या कुटुंबीयांच्या नावाने. मुलगा गुणी होता, मनाचा स्वच्छ होता, लोकांसाठी झटणारा होता, फार लवकर गेला.

मी घाईघाईने उत्तर लिहायला घेतलं. प्रफुलने माझा हात धरला.

"राहू दे ना भाऊ. तू जित्ता हाय हे समजल्यावर तुह्याबद्दल इतकं चांगलं कोण बोलणार हाय?"